पुराने जलवाहिनी ‘वाहून’ नेली नाही

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात तापीकाठच्या पाणीपुरवठा योजनांविषयी आपल्या दैनिकात ज्या बातम्या आल्या, त्यांत ‘पुरात जलवाहिनी वाहून गेल्याने पाणीपुरवठा ठप्प’ हे वाक्य इतक्या वेळा आले, की वाचणाऱ्याला आता त्यात काही वावगे वाटत नाही. मला वाटते, आणि ते केवळ शब्दांच्या काटेकोरपणासाठी नाही. वाहिनी ‘वाहून गेली’ असे एकदा लिहिले गेले की दोष पुराच्या माथी जातो, पंचनाम्यावर ‘नैसर्गिक आपत्ती’ असा शेरा पडतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी तशीच वाहिनी नव्या अंदाजपत्रकानिशी टाकली जाते. आमच्या गावची वाहिनी वाहून गेलेली नाही. ती रात्रभर आणि दिवसभर थरथरून तुटली, आणि तुटली तेव्हा पूर उतरत होता.

माझी सारी नोकरी समुद्रातल्या तेल-वायूच्या नळवाहिन्यांची पाहणी करण्यात गेली. निवृत्तीनंतर मी अमळनेर तालुक्यात, तापीपासून सायकलच्या अंतरावर, वडिलोपार्जित घरात राहतो. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यातले थोडे पोटापाण्याच्या विद्येचे आहे आणि थोडे काठावर उभे राहून पाहिलेले.

आमच्या योजनेची रचना साधी आहे. पात्रात जॅकवेल, म्हणजे नदीचे पाणी उपसण्याची विहीर, तिथून काठावरच्या व्हॉल्व्ह चेंबरपर्यंत आठ इंची पोलादी पाइप, आणि तिथून गावच्या टाकीपर्यंत दाबनलिका. पाइप टाकला तेव्हा तो वाळूखाली होता आणि दर ५ मीटरवर काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसवलेला होता. पुढच्या काही वर्षांत पात्रातली वाळू किती गेली आणि कशी गेली हे गावाला ठाऊक आहे. तो विषय या पत्राचा नाही. पाइप उघडा पडला, आणि खालची वाळू सरकल्याने मधले दोन ठोकळे कलंडले. ५ मीटरचे तीन गाळे, म्हणजे दोन आधारांमधल्या लांब्या, मिळून १५ मीटरचा एकच मोकळा गाळा झाला आणि तेवढ्या लांबीत पाइप अधांतरी राहिला. उन्हाळ्यात पोरे त्यावर पाय सोडून बसत असत, त्यामुळे तो सर्वांनी पाहिलेला होता. धोका मात्र कोणाला दिसला नाही, कारण आठ इंची पोलादी पाइप कोरड्या पात्रात फार भक्कम दिसतो.

वरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले आणि नदी भरली. पहिल्या रात्री पाण्याचा जोर सर्वाधिक होता. त्या रात्री पाइपला काही झाले नाही. पाणी ओसरू लागल्यावर, तिसऱ्या दिवशी सकाळी, गावचा वॉलमन घरी आला आणि म्हणाला, “नाना, रातपासून पाइप थरथरी राह्यना, हात लाई देखा.” मी गेलो. पाण्यातून पाइप जिथे काठावर चढतो तिथे तळवा टेकवला. ताप भरलेल्या बैलाच्या अंगावर हात ठेवल्यावर लागते तशी थरथर असेल असे वाटले होते. प्रत्यक्षात ती थरथर नव्हतीच, एका ठेक्यात येणारे हलके धक्के होते. घड्याळ लावून मोजले तर दहा सेकंदांत चौदा. मग प्रवाहाचा वेग पाहिला. पुराबरोबर केळीचे खांब वाहत येतच होते. काठावर वीस मीटर अंतर पावलांनी मोजून घेतले आणि एक खांब ते किती वेळात कापतो हे पाहिले. तेरा सेकंद. म्हणजे सेकंदाला दीड मीटरच्या थोडा वर, अर्थात हा पृष्ठभागावरचा वेग. पाइपच्या खोलीवर तो किंचित कमी असणार. मोटर बंद करून गाळ्याच्या टोकाला दोर बांधता येईल का, याची बोलणी चालू असतानाच दुपारी चारच्या सुमारास पाइप तुटला. काठावरच्या सगळ्यांचा प्रश्न एकच होता, की भर पुरात जो टिकला तो उतरत्या पाण्यात कसा तुटला.

याचे उत्तर गणिताच्या दोन ओळींत आहे. वाहत्या पाण्यात गोल वस्तू आडवी आली की तिच्या मागे पाणी सरळ जुळत नाही. एकदा वरच्या कडेने, एकदा खालच्या कडेने असे आळीपाळीने भोवरे सुटत राहतात. प्रत्येक भोवरा सुटताना वस्तूला आडवा, म्हणजे प्रवाहाला काटकोनात, एक हिसका बसतो. ज्यांनी लहानपणी भोई मंडळींच्या डोंग्यातून नदी ओलांडली असेल त्यांना आठवेल, की धारेत उभा धरलेला बांबू हातात थरथरतो. तोच हा प्रकार. चेक भौतिकशास्त्रज्ञ व्हिन्सेंट्स श्ट्रोउहाल यांनी १८७८ मध्ये वाऱ्यात घुमणाऱ्या तारांवर प्रयोग करून दाखवले, की तारेचा सूर वाऱ्याच्या वेगावर आणि तारेच्या जाडीवर ठरतो, आणि भोवऱ्यांच्या या दुहेरी रांगेचे गणित थिओडोर फॉन कारमान यांनी १९११-१२ मध्ये मांडले. व्यवहारात लक्षात ठेवायचे ते एवढेच: प्रवाहाच्या वेगाला पाइपच्या बाहेरच्या व्यासाने भागावे आणि सुमारे ०.२ ने गुणावे. आमच्या पाइपचा बाहेरचा व्यास २१९ मिलिमीटर. वेग दीड मीटर धरला तर सेकंदाला सुमारे १.४ हिसके येतात. मी हाताने मोजलेले दहा सेकंदांतले चौदा हेच होते.

आता दुसरी ओळ. प्रत्येक गाळ्याची स्वतःची एक लय असते. पाळणा जसा आपल्याच गतीने झुलतो, तसा दोन आधारांमधला पाइप आपल्या वारंवारतेने हलतो. पोलादाचे वजन, आतल्या पाण्याचे वजन आणि पाइप हलताना त्याच्याबरोबर हलवावे लागणारे बाहेरचे पाणी, ही तिन्ही वजने धरून मी आमच्या पाइपचा हिशेब केला. भिंतीची जाडी ६ मिलिमीटर आणि दोन्ही टोके नुसती टेकलेली धरली, तर १५ मीटरच्या गाळ्याची स्वतःची लय सेकंदाला जवळजवळ दीड हेलकावे एवढी येते. पाण्याचे हिसके आणि पाइपची लय जवळजवळ एकच. पाळण्याला नेमक्या वेळी झोका देत राहावे तसे पाणी त्या पाइपला झोके देत होते. याहून वाईट म्हणजे, दोन्ही लयी जवळ आल्या की पाइपच पाण्यावर हुकूम चालवतो. वेग थोडा कमी-जास्त झाला तरी भोवरे पाइपच्या लयीने सुटू लागतात आणि ही मिठी सहजासहजी सुटत नाही. अशा वेळी हेलकाव्याची मजल पाइपच्या व्यासाएवढी जाऊ शकते.

भर पुरात पाइप का टिकला हे यातूनच कळते. त्या रात्री वेग सेकंदाला तीन मीटरच्या आसपास धरला, तर हिसके सेकंदाला पावणेतीन पडत होते आणि पाइपची लय दीडच होती; दोघांचे जमत नव्हते. पाणी चढताना दीड मीटरचा वेग एकदा येऊन गेलाच असणार, पण तापीचा पूर चढतो झपाट्याने आणि उतरतो सावकाश. चढताना त्या वेगात पाइप थोडाच वेळ सापडला, उतरताना अख्खी रात्र आणि दिवस.

सेकंदाला १.४ म्हणजे तासाला पाच हजार आणि दिवसाला सुमारे १,२०,००० हेलकावे. गाळ्याच्या मध्यावर पाइप अर्ध्या व्यासाएवढा, म्हणजे ११ सेंटिमीटर, वर-खाली होत असेल तर तिथल्या पोलादावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ११०० किलोचा ताण एकदा खेचणारा आणि एकदा दाबणारा असा पडतो. हा ताण एकदाच आला असता तर काही बिघडले नसते, कारण साधे पोलाद कायमचे वाकायला याच्या दुपटीहून अधिक ताण लागतो. पण वेल्डिंगच्या साध्या जोडाला असा उलटसुलट ताण लाखभर वेळा सोसवत नाही. धातू शिणतो. पत्र्याचा तुकडा पुन्हा पुन्हा वाकवून आपण हाताने तोडतो, त्याचेच हे मोठे रूप.

पाणी उतरल्यावर तुटलेले टोक वर काढले आणि त्याचा हातभर तुकडा मी कापून घेतला. तो माझ्या ओसरीवर आहे. तुटलेल्या कडेचा दोन तृतीयांश भाग सपाट आणि गुळगुळीत आहे, आणि शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषा त्यावर एकीबाहेर एक उमटल्या आहेत. उरलेला एक तृतीयांश भाग मात्र खडबडीत, ओरबाडल्यासारखा आहे. रेषांचा उगम वेल्डच्या काठावर आहे. तिथे तडा सुरू झाला, हेलकाव्यागणिक पुढे सरकला, आणि उरलेले पोलाद अपुरे पडल्यावर शेवटचा भाग एका क्षणात फाटला. पुराच्या एकाच तडाख्याने पाइप तुटला असता तर सगळी कड खडबडीत आणि वाकलेली दिसली असती. पंचनाम्याला आलेल्या मंडळींना मी ती कड दाखवली. त्यांनी फोटो काढला. शेरा तोच राहिला.

समुद्रात ही गोष्ट फार पूर्वी आणि फार महाग पडून शिकली गेली. अलास्कातल्या कुक इनलेटमध्ये १९६० च्या दशकात टाकलेल्या नळवाहिन्या भरती-ओहोटीच्या जोरदार प्रवाहात, तळाची माती धुऊन गेलेल्या जागी, अशाच थरथरून तुटल्या. तेव्हापासून समुद्रतळावरच्या वाहिनीच्या प्रत्येक मोकळ्या गाळ्याची लांबी ही दखल घेण्याची बाब झाली, आणि आज जहाजे नि समुद्री बांधकामांचे निकष ठरवणाऱ्या डीएनव्ही या संस्थेची एक संपूर्ण मार्गदर्शिका केवळ या गाळ्यांसाठी आहे. मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल लागले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले, आणि पुढे समुद्रतळावरून किनाऱ्यापर्यंत वाहिन्या आल्या. या वाहिन्यांच्या पाहणीत आम्ही सोनार आणि दूरनियंत्रित कॅमेरायान यांनी तळ तपासत असू. गाळा ठरलेल्या मर्यादेपलीकडे लांबला असेल तर पाणबुडे खाली उतरून त्याच्या मध्यावर सिमेंट ग्राउटने भरलेल्या पिशव्यांचा टेकू देत. काम कष्टाचे, पण करामतीचे मुळीच नाही. पाइपाखाली काहीतरी घट्ट ठेवायचे, एवढेच.

मुंबईजवळच्या समुद्रातल्या दक्षिण बसीन या वायुक्षेत्रातून येणारी वायुवाहिनी समुद्रतळावरून दोनशेहून अधिक किलोमीटर चालून हजिऱ्याला किनाऱ्यावर चढते, आणि हजिरा तापीच्या मुखाशी आहे. मुलताईला उगम पावलेली ही ७२४ किलोमीटरची नदी जिथे समुद्राला मिळते तिथे नळाच्या प्रत्येक अधांतरी मीटरचा हिशेब ठेवला जातो, आणि तीच नदी आमच्या दारावरून जाते तिथे मोजपट्टी घेऊन पात्रात उतरायला कोणी नाही.

या कंपनांवरचे उपाय खानदेशात सर्वांच्या डोळ्यांसमोर आहेत, फक्त ते जमिनीवर आहेत. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या बाजूने जाणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांकडे मान वर करून पाहिले, तर खांबाजवळ तारेखाली डंबेलसारखी छोटी वजने लोंबताना दिसतात. वाऱ्याच्या भोवऱ्यांनी तार हलते तेव्हा तिची ऊर्जा ती वजने पिऊन टाकतात. १९२० च्या दशकात स्टॉकब्रिज यांनी शोधलेली ही युक्ती आहे. उंच पोलादी धुराड्याच्या वरच्या भागात मळसूत्रासारखी गुंडाळलेली पट्टी शोभेसाठी नसते. तिच्यामुळे भोवरे सगळ्या उंचीवर एकाच वेळी सुटत नाहीत आणि हिसक्यांचा मेळ मोडतो. समुद्रातल्या उभ्या नळांवरही अशाच पट्ट्या बसवतात. पण त्यांनी पाण्याचा रेटा वाढतो, आणि आमच्या नदीत त्यांत जलपर्णी नि केळीचे खांब अडकून नवीच आपत्ती ओढवेल, म्हणून नदीसाठी मी हा उपाय सुचवणार नाही.

या विषयावर बोलताना कोणीतरी अमेरिकेतल्या टॅकोमा पुलाचे उदाहरण काढतोच, म्हणून जाता जाता सांगतो. ७ नोव्हेंबर १९४० रोजी पडलेला तो पूल भोवऱ्यांच्या लयीने पडला असे अनेक पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असते, ते बरोबर नाही; शेवटचे पीळ घेणारे हेलकावे पुलाच्या स्वतःच्या हालचालीनेच वाऱ्यातून ऊर्जा ओढत वाढले होते, आणि तो वेगळा प्रकार आहे. जवळचे उदाहरण हवे असेल तर जपानमधल्या मोंजू अणुभट्टीचे घ्यावे. ८ डिसेंबर १९९५ रोजी तिथे तापमापकाची एक बारीक नळी भट्टीची उष्णता वाहून नेणाऱ्या द्रव सोडियमच्या प्रवाहात थरथरून तुटली आणि सोडियमची गळती होऊन आग लागली. नळी प्रवाहाला आडवी नव्हे, तर प्रवाहाच्याच दिशेने पुढे-मागे हलत होती. असे कंपन बरेच कमी वेगाला सुरू होते आणि आराखडा करणाऱ्यांनी ते विचारात घेतले नव्हते. भट्टी पुन्हा सुरू व्हायला २०१० साल उजाडले. पेन्सिलीएवढ्या टोकाच्या एका नळीमुळे एवढे झाले असेल, तर आठ इंची पाइपाला ‘त्याला काय होते’ म्हणणे धाडसाचे आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. वाहिनी तुटली की ‘जरा जाड पाइप टाका’ हा सल्ला हमखास मिळतो आणि अंदाजपत्रकही त्याने फुगते. ६ ऐवजी ८ मिलिमीटर जाडीचा पाइप घेतला, म्हणजे जाडी एक तृतीयांशाने वाढवली, तरी १५ मीटरच्या गाळ्याची लय जेमतेम दहा टक्क्यांनी वाढते. परिणाम एवढाच, की पाइप दीड मीटरच्या वेगाला थरथरण्याऐवजी १.६५ मीटरच्या वेगाला थरथरेल. उलट त्याच जुन्या पाइपच्या गाळ्याच्या मध्यावर एक टेकू दिला, तर लांबी निम्मी होते आणि लय चौपट. लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ही लय बदलते, आणि त्या वर्गातच सगळी स्वस्ताई दडली आहे. पुराचा वेग सेकंदाला ३ मीटर धरून आमच्या पाइपासाठी, प्रवाहाच्या दिशेचे कंपनही टाळायचे म्हणून, मी सुरक्षित गाळा काढला तो ५ मीटरच्या जवळपास येतो. म्हणजे मूळ आराखडा ज्याने केला त्याने ठोकळे योग्य अंतरावर ठेवले होते. ते तसेच राहतील हे पाहण्याचे काम मात्र कोणाचेच नव्हते.

प्लास्टिकच्या पाइपांसाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या जिल्ह्यात एचडीपीई या प्लास्टिकच्या पाइपाचा आग्रह होणे साहजिक आहे. तो पाइप लवचीक आहे, गंजत नाही, आणि वेल्डच्या तड्याची भीती त्यात वेगळ्या स्वरूपाची असते, हे खरे. पण तो पाण्यापेक्षा हलका असतो, आणि रिकामा झाला तर काँक्रीटच्या वजनांशिवाय तळाशी राहत नाही. वाळूखाली पुरेसा खोल, म्हणजे पुरात तळ जितका खणला जातो त्याहून खोल, पुरलेला कोणताही पाइप थरथरत नाही, कारण त्याच्याभोवती भोवरे सुटायला पाणीच वाहत नसते. उघडा पडलेला कोणताही पाइप मात्र हिशेबात धरावाच लागतो.

माझी मागणी मोठी नाही. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पात्रात उतरता येऊ लागले की तापी, गिरणा, पांझरा, बोरी या नद्या ओलांडणाऱ्या किंवा त्यांच्या पात्रातून येणाऱ्या प्रत्येक जलवाहिनीचा उघडा पडलेला भाग मोजपट्टीने मोजावा आणि ती लांबी योजनेच्या नोंदवहीत तारखेसह लिहावी. मर्यादेपेक्षा लांब गाळ्याखाली पावसाळ्याआधी काँक्रीटचा ठोकळा किंवा दगडांनी भरलेली जाळी बसवावी, आणि ती बसवताना पाया आजच्या वाळूवर न ठेवता पुरात वाळू जिथवर निघून जाते त्याच्या खाली न्यावा. वाहिनीच्या वरच्या नि खालच्या अंगाला नदीत ठरावीक अंतरात वाळूचा उपसा होऊ नये हे तर कागदावर आहेच. आणि तुटलेल्या वाहिनीच्या पंचनाम्यात, तुटलेली कड गुळगुळीत आहे की खडबडीत, एवढी एक ओळ जोडावी. त्यासाठी अभियंता लागत नाही, डोळे पुरतात.

हिशेबाचे दोन कागद पत्रासोबत जोडले आहेत. आपल्या वाचकांपैकी कोणाला त्यात चूक आढळली तर जरूर कळवावी. कड पाहायची असेल त्याने ओसरीवर यावे.

आमच्या गावची नवी वाहिनी गेल्या महिन्यात जोडून झाली. पाइप ८ मिलिमीटर जाडीचा आहे. कलंडलेले दोन ठोकळे पात्रात तसेच पडून आहेत. ‘पाइप जाड असल्याने आता गरज नाही’ असे मला सांगण्यात आले. गेल्या रविवारी वॉलमनने टेपचे एक टोक धरले आणि दुसरे मी. गाळा १४ मीटर ८० सेंटिमीटर भरला.

आपला,
एक निवृत्त अभियंता
ता. अमळनेर, जि. जळगाव